छपराखाली पडून राहिलेल्या जुन्या मोटारसायकलचे परीक्षण

परीक्षणासाठी घेतलेली ही वस्तू नवी नाही, आणि घेतली तेव्हा चालूही नव्हती. १२५ सीसीचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन, कार्बोरेटर, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक अशी साधी बांधणी असलेली ही मोटारसायकल कित्येक वर्षे एका छपराखाली उभी होती आणि भंगाराच्या भावापेक्षा थोड्याच जास्त किमतीला मिळत होती. आता तिला माझ्याकडे येऊन आठ महिने झाले आहेत आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटर धावून झाले आहे, त्यामुळे पाहणीच्या दिवशी मी काय बरोबर ओळखले आणि कुठे चुकलो, याचा हिशेब मांडता येतो.

स्वस्तातल्या दुर्लक्षित गाड्या दोन प्रकारच्या असतात: एक पडून राहिलेली आणि दुसरी पिळून काढलेली. धूळ दोघींवर सारखीच दिसते. पडून राहिलेल्या गाडीचे नुकसान ठरलेल्या जागी होते. पेट्रोल सुकून कार्बोरेटरचे बारीक जेट (पेट्रोल जाण्याची छिद्रे) बुजतात, टाकीत गंज धरतो, बॅटरी संपते, रबराचे भाग तडकतात आणि ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. हे सगळे कटकटीचे असले तरी त्याचा खर्च आधीच अंदाजात बसतो. पिळून काढलेल्या गाडीचे दुखणे मात्र क्रँकमध्ये, गिअरबॉक्समध्ये किंवा चॅसिसमध्ये असते आणि इंजिन उघडेपर्यंत त्याचा आकडा कोणीही सांगू शकत नाही. म्हणून माझी सारी पाहणी ही गाडी यांपैकी कोणती, एवढेच ठरवण्यासाठी होती.

कागदपत्रे मी सर्वांत आधी पाहिली. हँडलखालच्या नळीवर कोरलेला चॅसिस नंबर फडक्याने पुसून नोंदणीच्या कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला, इंजिन नंबरही तसाच पाहिला, आणि दोन्ही ठिकाणी घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा नाहीत याची खात्री केली. हे नंबर जुळत नसतील तर पुढची पाहणी करण्यात अर्थ नाही.

मीटरवर १८,००० किलोमीटर दिसत होते. जुन्या गाडीच्या मीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा पाय जिथे लागतात तिथे पाहावे, असे माझे मत आहे. मागच्या ब्रेकच्या पेडलवरील खाचा अजून हाताला लागत होत्या आणि फूटरेस्टचे रबर तडकले होते, पण झिजले नव्हते. म्हणजे मीटर बहुधा खरे बोलत होते. टायर ‘नवेच आहेत’ असे विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितले. नक्षी खरोखर पुरेपूर होती. मागच्या टायरच्या बाजूला मात्र ३११३ हे चार आकडे होते, आणि त्यांचा अर्थ २०१३ सालचा ३१वा आठवडा असा होतो. नक्षीच्या खाचा अंगठ्याने फाकवल्यावर आतल्या भेगाही दिसल्या. त्यांनी खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही, कारण टायर न वापरताही जुना होतो हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. परंतु दोन्ही टायरांचा खर्च मी तिथेच भावातून वजा करून घेतला.

चॅसिससाठी मी सर्वांत जास्त वेळ दिला. गाडीच्या मागे जमिनीलगत वाकून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते पाहिले, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून त्याला अडवणारे खिट्टे वाकलेले किंवा तुटलेले नाहीत हे तपासले, आणि टाकीखाली, जिथे धडकेचा जोर येतो तिथे, रंगाला सुरकुत्या किंवा चिरा आहेत का ते टॉर्च मारून पाहिले. काहीही आढळले नाही. रंग बदललेल्या गाडीपेक्षा मूळ रंगाची, डागाळलेली गाडी पाहणीला बरी, कारण तिला लपवायला काही नसते.

इंजिन जाम आहे की नाही, हा खरा प्रश्न होता. किकवर सगळे वजन टाकून जोर लावण्याची इच्छा होते, पण ते टाळावे. कोरड्या सिलिंडरमध्ये गंज धरला असेल तर बोअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे उठतात. मी स्पार्क प्लग काढला, त्याच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडले आणि अर्धा तास थांबलो. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हलकेच पुढे-मागे केले. पहिल्या दोन वेळा चाक अडले आणि तिसऱ्या वेळी प्लगच्या भोकातून ‘फुस्’ असा आवाज येऊन पिस्टन वर आला. त्या एका आवाजाने व्यवहार जवळजवळ ठरला.

घरी आणल्यावर कॉम्प्रेशन गेजने थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारत दाब मोजला, तो ११० पीएसआय आला. सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकल्यावर १४० आला. ऑइलने दाब वाढतो तेव्हा गळती रिंगांपाशी, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांपाशी, असते आणि वाढत नाही तेव्हा बहुधा व्हॉल्व्हपाशी. येथे रिंगा झिजल्या आहेत की नुसत्या चिकटल्या आहेत हे कळण्यासाठी गाडी चालवणे भागच होते. कार्बोरेटर उघडून पायलट जेट मोकळा केल्यावर ती चौथ्या किकला सुरू झाली. सुरुवातीला निळसर धूर बराच निघाला आणि पहिल्या शंभर किलोमीटरांत तो थांबला. ५०० किलोमीटरनंतर कोरडा (ऑइल न टाकता मोजलेला) दाब १३० झाला. रिंगा चिकटलेल्याच होत्या. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज येतो, पण इंजिनच्या तळातून येणारा जड ठोका नाही, आणि दुसरा गिअर जोर देताना सुटत नाही.

आता चुकलेल्या गोष्टी. पाहणीच्या वेळी पुढचे चाक अधांतरी धरून हँडल फिरवले असता बरोबर मधोमध ते किंचित अडल्यासारखे झाले होते. जुने ग्रीस घट्ट झाले असेल, असे मी स्वतःलाच समजावले. प्रत्यक्षात कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या, वाट्यांमध्ये गोळ्यांचे खळगे पडले होते आणि सरळ रस्त्यावर गाडी डुलत असे. हात सांगत होता आणि मी ऐकले नाही. नवा कोनसेट बसवण्यात माझा एक पूर्ण दिवस गेला.

दुसरी चूक टाकीची. आत टॉर्च मारून गंज दिसला होता, तो सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने दोन दिवसांत सुंदर निघाला, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी वाळवली, पेट्रोल भरले आणि तळाच्या सांध्यापाशी थेंब जमू लागले. तो गंजच त्या भोकाचे बूच झाला होता. टाकीचा तळ बाहेरून बोटाने चाचपून फुगलेला रंग शोधला असता तर हे तिथेच कळले असते. पेट्रोलची वाफ राहिलेल्या टाकीला आच लावणे जिवावर बेतू शकते, म्हणून ते काम मी स्वतः न करता टाकी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे दिले.

ब्रेकबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. तेल चहाच्या रंगाचे झाले होते, कॅलिपरचा (डिस्कला पकडणाऱ्या भागाचा) पिस्टन अडकला होता, दोन्ही अपेक्षित होते. सील, रबरी नळी आणि डॉट ४ तेल नवे घातले. डिस्कची जाडी तिच्यावरच कोरलेल्या किमान मापापेक्षा जास्त निघाली. इंजिनचा वेग वाढवल्यावर चार्जिंग १४.२ व्होल्ट मिळते, म्हणजे नवी बॅटरी वाया जाणार नाही.

गाडीला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. एक गुण कोनसेट आणि टाकीपायी गेला, अर्धा माझ्या सुट्टीच्या दिवसांपायी. ज्यांना रोज वेळेवर कामावर पोहोचायचे आहे आणि दुसरे वाहन नाही, त्यांनी अशी गाडी घेऊ नये. सुट्या भागांची वाट पाहण्यात माझे सलग तीन आठवडे गेले. उजव्या फोर्कचे ऑइल सील अजून झिरपते आहे. त्या नळीच्या क्रोमवर गंजाचे दोन बारीक ठिपके आहेत, ते घासून गुळगुळीत केल्याशिवाय नवे सील टाकले तर तेही महिनाभरात फाटेल, म्हणून ते काम पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलले आहे.