इमगबर्न: डिस्क का बिघडली, हे सांगणारे जुने सॉफ्टवेअर

घरच्या संगणकावर सीडी किंवा डीव्हीडी बर्न करण्याची गरज आता थोड्याच लोकांना उरली आहे, पण ज्यांना ती आहे त्यांची अडचण मात्र पूर्वीपेक्षा वाढली आहे. लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेले चित्रीकरण वडीलधाऱ्या नातेवाइकांना द्यायचे असो, गाडीतल्या जुन्या प्लेअरसाठी अभंगांची एमपी३ सीडी करायची असो किंवा एखाद्या कार्यालयाने कागदपत्रे डिस्कवरच मागितली असोत, डिस्क अर्ध्यावर बिघडली की विचारायला जवळपास कोणी सापडत नाही. पूर्वी कोपऱ्यावर सीडी राइटिंग करून देणारी दुकाने असत. ती आता झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या कामाला लागली आहेत. विंडोजची स्वतःची बर्निंगची सोय काम झाले तर झाले, नाहीतर ‘अडचण आली’ एवढेच सांगून थांबते. इमगबर्न हे मोफत सॉफ्टवेअर मला आजही संगणकावर ठेवावेसे वाटते ते नेमके यासाठी, की डिस्क बिघडली तर ती कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे बिघडली, हे ते नोंदवून ठेवते.

हे सॉफ्टवेअर ‘लाइटनिंग यूके’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरचे आहे. डीव्हीडी डिक्रिप्टर हे एकेकाळी गाजलेले सॉफ्टवेअरही त्याचेच. इमगबर्नची शेवटची आवृत्ती २.५.८.० असून ती जून २०१३ मध्ये आली. त्यानंतर काहीही नवीन आले नसले तरी विंडोज १० आणि ११ वर ते व्यवस्थित चालते, आणि डिस्क व ड्राइव्ह यांच्या तंत्रात त्यानंतर फारसे बदललेले नसल्यामुळे त्याचे जुनेपण कामाच्या आड येत नाही.

कोरी डिस्क ड्राइव्हमध्ये घालून राइट विभाग उघडला की उजव्या बाजूच्या चौकटीत त्या डिस्कची सारी माहिती उमटते: ती रिकामी आहे की नाही, तिच्यावर किती जागा आहे, या ड्राइव्हवर ती कोणकोणत्या वेगाने लिहिता येईल आणि ती प्रत्यक्षात कोणी बनवली आहे. हा शेवटचा तपशील सर्वांत मोलाचा आहे, कारण खोक्यावर छापलेले नाव आणि डिस्क घडवणारा कारखाना हे पुष्कळदा वेगळे असतात. डिस्कवर आधीच नोंदवलेल्या कारखान्याच्या सांकेतिक नावात ‘एमसीसी’ दिसले तर तो मित्सुबिशी केमिकलचा, म्हणजे व्हर्बेटिमच्या नावाजलेल्या डिस्कचा संकेत. ‘सीएमसी मॅग’ म्हणजे तैवानची सीएमसी मॅग्नेटिक्स, जिने २०१९ मध्ये व्हर्बेटिमचा व्यवसायच विकत घेतला. आणि ‘एमबीआय’ म्हणजे आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली मोझर बेअर इंडिया. ही कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. त्यामुळे तिची डिस्क आज दुकानात मिळालीच तर ती जुन्या साठ्यातली असणार, हे ध्यानात ठेवावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कोऱ्या डिस्कचा रंगथरही (लेझर ज्यावर माहिती लिहितो तो थर) खराब होत जातो आणि उन्हात किंवा दमट कपाटात ठेवलेल्या डिस्कचा तर फारच लवकर.

बर्न करताना खालच्या बाजूला नोंदींची एक खिडकी उघडी असते. प्रत्येक नोंदीपुढे वेळ असतो आणि काम फसले तर ड्राइव्हने दिलेली चूक तिथे जशीच्या तशी लिहिली जाते. या खिडकीत घरगुती वापरात वारंवार दिसणारी चूक म्हणजे ‘पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर’. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेजवळ राखून ठेवलेल्या जागेत लेझरची ताकद आजमावून पाहतो. या डिस्कसाठी योग्य ताकद त्याला ठरवता आली नाही, तर तो पुढे जायला नकार देतो. म्हणजे ही तक्रार सॉफ्टवेअरची नसून डिस्क आणि ड्राइव्ह यांच्यातली आहे, आणि दुसरे सॉफ्टवेअर उतरवून घेतल्याने ती सुटत नाही. आधी वेगळ्या कारखान्याची डिस्क लावून पाहावी. ड्राइव्ह यूएसबीवर चालणारा बाहेरचा स्लिम प्रकारचा असेल, तर त्याची जोडणी तपासावी, कारण यूएसबी २.० च्या पोर्टमधून ठरलेला प्रवाह ५०० मिलिअँपिअरचाच असतो आणि लिहिताना अशा ड्राइव्हला त्याहून अधिक लागू शकतो. हबमधून किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून तो थेट मागच्या पोर्टला, शक्यतो यूएसबी ३ ला जोडला, किंवा संगणकाच्या दोन पोर्टना एकदम जोडता येणारी दोन प्लगांची केबल वापरली, तर बिघडलेला वाटणारा ड्राइव्ह पुष्कळदा सुरळीत चालू लागतो.

वेगाबाबत एक समज घट्ट बसला आहे की जितके सावकाश लिहावे तितकी डिस्क चांगली होते. जुन्या सीडींच्या बाबतीत त्यात तथ्य असेलही, पण १६ एक्सच्या (म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट वेगाने लिहिता येणाऱ्या) डीव्हीडीचा रंगथर अधिक वेगाच्या लेखनासाठी बनवलेला असतो, आणि सर्वांत कमी वेग निवडला तर निकाल उलट वाईट येऊ शकतो. अशा डिस्कसाठी ८ एक्सच्या आसपासचा मधला वेग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

लिहिताना बफरच्या, म्हणजे लिहायची माहिती आधी साठवून ठेवणाऱ्या तात्पुरत्या जागेच्या, दोन पट्ट्या दिसतात, एक सॉफ्टवेअरची आणि दुसरी ड्राइव्हची. त्या शंभर टक्क्यांच्या जवळ स्थिर असतील तर काळजी नाही. त्या सारख्या रिकाम्या होत असतील तर हार्ड डिस्कवर त्याच वेळी काहीतरी चालू आहे, बहुतेक अँटिव्हायरसची तपासणी किंवा मोठ्या फाइलींची कॉपी. बफर रिकामा झाला तरी आजचे ड्राइव्ह लिहिणे थांबवून पुन्हा तिथूनच पुढे सुरू करतात, त्यामुळे डिस्क लगेच वाया जात नाही, परंतु असे वारंवार थांबणे टाळलेलेच बरे.

लेखन संपल्यावरची पडताळणी हा या सॉफ्टवेअरचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे आणि वेळ वाचवण्यासाठी तिची खूण कधीही काढू नये. ट्रे एकदा बाहेर येऊन पुन्हा आत जातो (स्लिम ड्राइव्हचा ट्रे आपल्यालाच ढकलावा लागतो), आणि डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर (माहितीचा छोटा तुकडा) मूळ माहितीशी ताडून पाहिला जातो. हलक्या प्रतीच्या डिस्कवर पहिला बराचसा भाग निर्विघ्न जातो आणि अखेरीला, बाहेरच्या कडेजवळ पोहोचताच वाचण्याचा वेग एकदम पडतो, ड्राइव्ह घरघरू लागतो आणि नोंदींत लाल खुणा येतात. ती डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरली तर लिहिलेला भाग कोऱ्या भागापेक्षा वेगळ्या छटेचा दिसतो आणि तो अगदी काठापर्यंत पोहोचलेला असतो. रंगथर तिथेच असमान असण्याची शक्यता अधिक आणि बोटांचे ठसेही तिथेच उमटतात. म्हणून शक्य असेल तेव्हा डीव्हीडी काठोकाठ भरू नये. खोक्यावर ४.७ जीबी लिहिलेले असले तरी विंडोजच्या मोजणीने ती जागा ४.३८ जीबीच भरते. त्यात मी चारच्या आसपास थांबतो.

ड्राइव्ह विंडोजमध्ये दिसेनासाच झाला असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यापुढे कोड १९ किंवा ३९ दिसत असेल, तर बहुधा पूर्वी काढून टाकलेल्या एखाद्या बर्निंग सॉफ्टवेअरचा फिल्टर ड्रायव्हर (विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये बसणारा छोटा प्रोग्रॅम) मागे राहिलेला असतो. इमगबर्नच्या टूल्स मेनूत अशा फिल्टर ड्रायव्हरांची यादी पाहण्याची सोय आहे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. अधिकृत इन्स्टॉलरमध्येही जाहिरातींशी संबंधित जास्तीचे सॉफ्टवेअर जोडलेले होते, त्यामुळे बसवताना प्रत्येक पान वाचून नको त्या गोष्टी नाकाराव्या लागतात. एकाच सीडीवर आज थोडे आणि महिनाभराने आणखी थोडे लिहायचे असेल, तर ती मल्टिसेशनची सोय इथे नाही. चित्रीकरणाचे रूपांतरही ते करत नाही: मोबाइलमधल्या एमपी४ फाइली तशाच बर्न केल्या तर दूरचित्रवाणीला जोडलेला साधा डीव्हीडी प्लेअर त्या ओळखेलच असे नाही. त्यासाठी आधी डीव्हीडीस्टायलरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ डीव्हीडीची रचना तयार करून मग ती इमगबर्नला द्यावी. सेटिंग्जची पाने तर इतकी आहेत की नवख्या माणसाने त्यांत शिरूच नये. मूळ सेटिंग्ज घरगुती कामाला पुरेशा आहेत.

डिस्क वारंवार बिघडत असतील तर वर सांगितलेली जोडणी तपासून, दोन वेगळ्या कारखान्यांच्या ताज्या डिस्क मधल्या वेगाने लिहून पाहाव्यात. एक नीट झाली आणि दुसरी फसली, तर फसलेल्या डिस्कचे उरलेले खोके बाजूला ठेवावे. दोन्हींवर तीच चूक आली, तर लेन्स एकदा साफ करून पाहावी आणि तरीही फरक पडला नाही तर ड्राइव्हच बदलावा.