साथीचं गणित की साठ्याचं?

एक कारखाना बंद पडला तर पुढे कोणकोण अडकेल, हे मांडायच्या मुख्य वाटा दोन. एक साथरोगाची: रोग एकाकडून दुसऱ्याला कसा लागतो आणि माणसं कशी सावरतात याचं 1927 मधलं कर्मॅक-मॅकेंड्रिकचं गणित, फक्त माणसांच्या जागी कंपन्या. दुसरी अर्थतज्ज्ञ लिओन्टिएफच्या इनपुट-आउटपुट तक्त्यातून (कोणत्या उद्योगाला कोणाचा किती माल लागतो, याचा तक्ता) निघालेली, तिच्यात प्रत्येकाचा साठा दिवसांत धरायचा. रबाळ्यातल्या आमच्या पंपांच्या कारखान्यासाठी मी दोन्ही करून पाहिली.

साथीचं मॉडेल एका दुपारी उभं राहतं. कोण कोणाकडून माल घेतो याची यादी, लागणीचा दर, सावरण्याचा दर, झालं. आलेख असा देखणा की मीटिंगमध्ये लगेच माना डोलतात. साठ्याच्या मॉडेलने माझे दोन महिने खाल्ले. त्यातला बराच वेळ "किती दिवसांचा माल असतो तुमच्याकडे?" हे विचारण्यात गेला, आणि याचं खरं उत्तर सहसा कोणी देत नाही.

तरी माझं बिनसलं ते पहिल्याशीच. कास्टिंगसाठी, म्हणजे धातूच्या ओतीव भागांसाठी, आम्ही कोल्हापूरच्या एका फाउंड्रीवर विसंबून होतो. तळोज्यातली दुसरी जोडली, हौसेने मॉडेलमध्येही घातली, तर आमचा धोका वाढलेला! मॉडेलच्या हिशेबाने बरोबरच होतं. साथीत संपर्क जितके जास्त, तितकी लागणीची शक्यता जास्त. परचेसचे साहेब म्हणाले, "म्हणजे मी दुसरा सप्लायर शोधला ही माझीच चूक?" यावर इलाज आहेत, 'इतके पुरवठादार बुडाले तरच लागण' असा उंबरठा लावता येतो. मी लावलाही. पण मग प्रत्येक वस्तूला एक नवं ठिगळ. साठ्याच्या मॉडेलमध्ये दोन्ही फाउंड्र्यांचं कास्टिंग एकाच खात्यात जमा होतं, सील वेगळ्या खात्यात, आणि जे आधी संपेल त्यावर उत्पादन अडतं. शॉपफ्लोअरवर हे कोणाला शिकवावं लागत नाही.

अर्थात तेही सोवळं नाही. 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमध्ये टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिनचा कारखाना जळला आणि ब्रेकच्या एका छोट्या व्हॉल्व्हपायी टोयोटाचं जवळजवळ सगळं उत्पादन थांबलं. साठा काही तासांचाच, त्यामुळे एवढं या मॉडेलने सांगितलं असतं. पण ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी केलाच नव्हता अशा कंपन्यांनी काही दिवसांत तो बनवून दिला, ते त्याला सुचलं नसतं.

जून 2017 मध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांत शिरला, तेव्हा न्हावा शेव्याचं एक टर्मिनलही अडलं. संगणकातून संगणकात जाणारी ती लागण, तिथे साथीचंच गणित हवं. पण कंटेनर अडकल्यावर कोणाचा माल कितव्या दिवशी संपतो, हा हिशेब पुन्हा साठ्याचा.

पुरवठादार आकडे देतच नसतील तर साथीचं घ्या, काहीच नसण्यापेक्षा बरं. मी मात्र दर सोमवारी स्टोअरमधून दिवसांचा आकडा मागवतो आणि तक्त्यात भरतो. तळोज्याची फाउंड्रीही ठेवली आहे.