२२ की १८३ गिगाहर्ट्झ? बाष्पमापनासाठी रेषा निवडताना दाबाचा विचार

वातावरणातील बाष्प मायक्रोवेव्ह रेडिओमीटरने (हवेतून आपोआप येणारे मायक्रोवेव्ह उत्सर्जन मोजणाऱ्या उपकरणाने) मोजायचे असेल, तर निवड बहुधा २२.२३५ आणि १८३.३१ गिगाहर्ट्झ या दोन वर्णरेषांमध्ये, म्हणजे बाष्प ज्या ठरावीक वारंवारतांवर किरणे शोषते आणि सोडते त्यांमध्ये, करावी लागते. रेणूंच्या टकरींमुळे दोन्ही रेषा दाबाच्या प्रमाणात रुंदावतात, आणि तेही जवळपास एकाच दराने. जमिनीलगत दोन्हींची अर्धरुंदी (केंद्रापासून शिखराची उंची निम्मी होईपर्यंतचे अंतर) ३ गिगाहर्ट्झच्या आसपास भरते. त्यामुळे कोणत्या रेषेवर दाबाचा परिणाम अधिक होतो, हे विचारून फारसे हाती लागत नाही. रेषा किती प्रबळ आहे आणि आपण तिच्याकडे कुठून पाहतो, यावर निवड ठरते.

२२ ची रेषा क्षीण असल्याने जमिनीवरील उपकरणाला तिच्यातून हवेचा संपूर्ण स्तंभ दिसतो. अडचण एवढीच की, तेवढेच बाष्प उंचावर असेल तर शिखर टोकदार होते आणि खाली असेल तर बसके, म्हणून नेमके केंद्रावर मोजणे फसवे ठरते. दाब वाढला की शिखर खचते आणि कडा वर येतात. या दोहोंच्या मधे, जिथे केंद्रापासूनचे अंतर अर्धरुंदीइतके असते, तिथे दाबातील लहान फरक जवळपास जाणवत नाही. २३.८ गिगाहर्ट्झची वाहिनी (मोजणीचा अरुंद वारंवारता-पट्टा) याचसाठी वापरतात, आणि एकूण बाष्पच हवे असेल तर माझा कौल निःसंशय तिलाच आहे. उपग्रहावरून मात्र ती समुद्रावरच नीट चालते, कारण जमिनीचे स्वतःचे उत्सर्जन हा क्षीण संकेत झाकून टाकते.

१८३ ची रेषा शंभर पटींहून अधिक प्रबळ आहे. दमट प्रदेशात जमिनीवरून पाहिल्यास तिचे केंद्र संपृक्त होते, म्हणजे बाष्प आणखी वाढले तरी संकेत वाढत नाही. चिलीतील आल्मा या रेडिओ दुर्बिणीसारख्या सुमारे ५,००० मीटर उंचीवरील कोरड्या जागीच ती खरी उपयोगी पडते. उपग्रहावरून हीच संपृक्तता पथ्यावर पडते. मेघा-ट्रॉपिक्स या भारत-फ्रान्सच्या उपग्रहावरील सफीर या उपकरणाच्या सहा वाहिन्या केंद्रापासून ०.२ ते ११ गिगाहर्ट्झ अंतरावर होत्या. केंद्राजवळच्या वाहिनीला तपांबराचा वरचा भाग दिसतो, तर दूरच्या वाहिनीला खालचा, कारण तेवढ्या लांब कडेवर अधिक दाबाची हवाच शोषण करू शकते.

जमिनीवरून मध्य वातावरण अभ्यासायचे असल्यास पुन्हा २२ सरस ठरते. उंचावर दाब कमी असल्याने रेषा अरुंद होते; तिच्या आकारातून उंची ओळखण्याची ही युक्ती डॉप्लर रुंदी (रेणूंच्या उष्णताजन्य हालचालीमुळे येणारी रुंदी) दाबजन्य रुंदीच्या बरोबरीला येईपर्यंतच चालते, आणि डॉप्लर रुंदी वारंवारतेबरोबर वाढत असल्याने १८३ साठी ही सीमा ६५ ते ७० किलोमीटरवर येते, २२ साठी ८० किलोमीटरच्या आसपास. ऑरा उपग्रहावरील एमएलएस या मायक्रोवेव्ह मापकासारख्या, क्षितिजाच्या कडेने पाहणाऱ्या उपकरणाला उंची मुख्यतः पाहण्याच्या कोनावरून कळत असल्याने तिथे ही मर्यादा तितकी जाचत नाही.