रेड ६ तशीच ठेवली, डेटाबेस वेगळा काढला: वागळे इस्टेटमधल्या प्रेसच्या सर्व्हरचा अनुभव

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं ऑफसेट छपाईचं काम चालतं आणि तिथला सर्व्हर माझ्याकडे आहे. उबुंटू, ४ टीबीच्या ७२०० आरपीएम सहा डिस्क आणि लिनक्सच्या एमडीवर (अनेक डिस्क जोडून त्यांचा एक संच, म्हणजे अ‍ॅरे, करणारी सोय) बांधलेली रेड ६, म्हणजे कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवणारी मांडणी. प्रीप्रेसच्या (छपाईपूर्व तयारीच्या) भल्यामोठ्या टिफ-पीडीएफ फायली याच अ‍ॅरेवर, आणि जॉब कार्ड, चलन, बिलं यांचा पोस्टग्रेस डेटाबेसही याच अ‍ॅरेवर. उन्हाळ्यात ही मांडणी बदलली. त्यानंतर पावसाळा गेला, कॅलेंडर-डायऱ्यांचा हंगामही पार पडला, म्हणून आता लिहितो आहे.

त्रास ठरलेला असायचा. दुपारी डिझायनर मोठ्या फायली सेव्ह करू लागले की बिलिंगच्या टेबलावर चलन अडकायचं. ताई स्क्रीनकडे बघत बसायच्या, खाली टेम्पोवाला माल भरून ताटकळायचा. ज्याला विचारावं तो म्हणायचा, सगळ्या डिस्क काढा आणि एसएसडी घाला. १६ टीबी जागा एसएसडीवर घेणं आमच्या आकाराच्या प्रेसला परवडत नाही. मुख्य म्हणजे त्याची गरजही नव्हती, हे आयओस्टॅट (डिस्क किती व्यस्त आहेत ते दाखवणारं साधन) लावून बसल्यावर दिसलं. चलन सेव्ह होताना लिहिला जाणारा डेटा जेमतेम काही केबी, आणि तरी सहाही डिस्क शंभर टक्के व्यस्त.

याचं कारण रेड ६ च्या रचनेतच आहे. छोटासा तुकडा बदलायचा तरी आधी जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेली हिशेबी माहिती) वाचायच्या, मग तिन्ही नव्याने लिहायच्या. एका लेखनामागे सहा कामं. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची, आणि जिथून वाचलं तिथेच लिहायचं तर ती पूर्ण फेरी फिरून येईपर्यंत थांबावंच लागतं. अशी डिस्क इकडची-तिकडची विखुरलेली कामं सेकंदाला ७५ ते १०० करते. ८० धरा. सहा डिस्कची ४८०, त्याला सहाने भागलं की उरतात ८०. छोट्या लेखनापुरता आमचा सहा डिस्कचा अ‍ॅरे एका डिस्कच्या तोलाचा होता!

रेड १० (डिस्कच्या जोड्या करून प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिणारी मांडणी) केली असती तर भागाकार दोनाने झाला असता, म्हणजे २४०. पण जागा १६ वरून १२ टीबीवर आली असती, आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो ही रेड ६ ची हमी गेली असती. शिवाय मोठ्या फायलींना रेड ६ मुळीच जड जात नाही. आमचा चंक (एका वेळी एका डिस्कवर जाणारा तुकडा) ५१२ केबीचा, डेटाच्या वाट्याला चार डिस्क, म्हणजे २ एमबीची एक स्ट्राइप (सगळ्या डिस्कवर पसरलेला एक पट्टा). सलग मोठी फाइल आली की स्ट्राइप पूर्ण भरते, पॅरिटी मेमरीतच काढली जाते आणि जुनं काही वाचावं लागत नाही. त्या कामासाठी रेड ६ च योग्य, हे माझं मत आजही पक्कं आहे.

म्हणून फक्त डेटाबेस हलवला. दोन लहान एसएसडी घेऊन त्यांची रेड १ केली, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. घेताना एकाच गोष्टीवर अडून राहिलो: वीज गेली तर आतलं लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर हवेत. पोस्टग्रेस प्रत्येक व्यवहार पक्का करताना 'डिस्कवर पोचलं का?' याची वाट बघतो. कपॅसिटर असलेली एसएसडी डेटा स्वतःच्या कॅशमध्ये आल्याबरोबर खात्रीने हो म्हणू शकते. साध्या, घरगुती वापराच्या एसएसडीला ही मुभा नसते आणि नेमक्या याच कामात ती खूप मागे पडते. पैसे वाचवायचे असतील तर टीबी कमी घ्या, यात तडजोड नको. आमच्याकडे गर्दीच्या वेळी तीन आकडी मिलिसेकंदांत जाणारा अवेट (एका कामाला लागणारा सरासरी वेळ) आता एक आकडीत असतो. ऐन हंगामात एकदाही चलन अडकलं नाही. ताईंनी ही गोष्ट आपणहून मालकांना सांगितली, याचा मला फार आनंद झाला.

रेड ६ वरही थोडी मशागत केली. स्ट्राइप कॅश (लिहिण्याआधी स्ट्राइप जमवायची मेमरीतली जागा) मुळात २५६ असते, ती ४०९६ केली. सहा डिस्कना मिळून यासाठी सुमारे १०० एमबी रॅम जाते आणि मोठ्या फायली लिहिताना ती वसूल होते. रीबूट झाल्यावर हे मूल्य पुन्हा मूळपदावर येतं, त्यामुळे यूडेव्हचा नियम (सुरू होताना लिनक्स आपोआप लावतो अशी सेटिंग) लिहून ठेवा. रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं) वाढवून पाहिला, फरक किरकोळ. डिस्कच्या कामांचा क्रम लावणारा शेड्युलर बदलूनही हाती काही लागलं नाही.

जुलैत एक डिस्क गेली. बदली डिस्क मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या बाजारातून आणली, ती सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी) आहे याची आधी खात्री करून. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क रिबिल्डच्या, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा लिहिण्याच्या, सलग माऱ्यात फार मंदावते, त्यामुळे पॅरिटीच्या अ‍ॅरेत ती नकोच. रिबिल्ड चालू असताना फायली उघडायला वेळ लागत होता, पण बिलिंगला त्याचा पत्ताही लागला नाही. वेगळ्या एसएसडीचा हा फायदा मला वेगापेक्षाही मोठा वाटतो. रिबिल्डचा कमाल वेग दिवसा कमी आणि रात्री पुन्हा वाढवत गेलो. दुसरी पॅरिटी शाबूत असल्याने घाई नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी होणारी अ‍ॅरेची तपासणीही हंगामात याच पद्धतीने आवरली, कारण तेव्हा रविवारीही पाळी असते.

खटकणारी गोष्ट एक आहे. दोन्ही एसएसडी एकाच मॉडेलच्या, एकाच दिवशी लावलेल्या आणि सारखंच लेखन झेलणाऱ्या. झिजणारही बरोबरीनेच. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) झिजेचा आकडा मी नेमाने बघतो. त्यातली एक एसएसडी वर्षभराने मुद्दाम बदलून टाकायचा विचार आहे.

डिझायनर मंडळींना मात्र फाइल उघडताना फारसा फरक जाणवला नाही, आणि त्यात अ‍ॅरेचा दोष नाही. गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं. सलग वाचनात आमच्या डिस्कपैकी एकटी डिस्कसुद्धा याहून जास्त देते. त्यामुळे यापुढचा खर्च डिस्कवर करणार नाही. प्रीप्रेसच्या टेबलांपर्यंत १० गिगाबिटचा स्विच आणि नवी केबल, एवढंच मालकांकडे मागितलं आहे.