नावांचं ॲप: आडनावांना चार तारे, नावांना दोन

भावाच्या मुलीचं नाव ठेवायचा मान माझा, आत्याचा. नक्षत्र रोहिणी, अक्षरं ओ, वा, वी, वू. ॲपनं ढीगभर नावं ओतली. अर्थ मात्र निम्म्यांचा 'तेजस्वी', उरलेल्यांचा 'देवी'. साधी 'वासंती' नाही त्यात!

आडनावांचा विभाग मात्र झकास. चिटणीस, फडणीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. पोतदार म्हणजे खजिन्यातली नाणी पारखणारा. जोशी ज्योतिषावरून आलं, हेही आहे. 'कर'वाल्यांना मात्र 'गावावरून' एवढ्यावरच गुंडाळलंय. अहो, चिपळूणकर कुठले हे सांगायला ॲप कशाला? फुकट आहे, पण दर पानाला जाहिरात; तीही बहुतेक डायपरची. बाळ नसलेल्यांनीही आडनावांसाठी जरूर उतरवून घ्या.