ई-टाइप ३.८ आणि ॲल्युमिनियम रेडिएटरचं किट: काही महिने वापरल्यानंतर

किट बसवल्यावर गाडी तापते अशी तक्रार केली होती; त्यावर विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं, "जुन्या गाड्या तापतातच." ते वाचून हे लिहायला बसलो आहे. जुन्या गाड्या तापत नाहीत. ज्या तापतात त्यांच्यात काहीतरी बिघडलेलं असतं, आणि शोधलं तर ते सापडतं.

गाडी जॅग्वार ई-टाइप, पहिली मालिका. ३७८१ सीसी, सहा सिलिंडर, तीन एसयू (ब्रिटिश बनावटीचे) कार्बोरेटर. इंजिन ज्यांना माहीत आहे त्यांना बाकी सांगायची गरज नाही. आधीच्या मालकाने बसवलेला तांब्या-पितळेचा रेडिएटर आतून क्षारांनी बुजला होता, म्हणून किट घेतलं: ॲल्युमिनियमचा रेडिएटर, जास्त पात्यांचा विजेवरचा पंखा आणि नवा थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर आपोआप उघडून ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह). जुनाच रिकोर करून, म्हणजे आतला गाभा बदलून, घेतला असता तर स्वस्तात पडलं असतं, पण तयार माल लगेच मिळत होता.

रेडिएटरबद्दल आधी चांगलं सांगतो. वेल्डिंग स्वच्छ आहे, ब्रॅकेट मूळ भोकांवर नेमके बसले, कुठे कानस लावावी लागली नाही. वजनातला फरक उचलताना जाणवतो. गळतीचा आजवर एक थेंब नाही.

तरीही किट बसवल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त तापू लागली. आधी फक्त चढावर तापमानाचा काटा वर जायचा, आता गर्दीतही जायचा आणि मोकळ्या रस्त्यावरही. विक्रेत्याचं म्हणणं, "हवा अडकली असेल, हेडर टँक पुन्हा भरा." हेडर टँक म्हणजे कूलंट भरायची वरची टाकी. भरला. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, गाडीचं नाक उंचावर घेऊन भरला. फरक शून्य. मग "टायमिंग बघा" झालं. इग्निशन मागे पडलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल तर उष्णता वाढते, हे खरं आहे, पण टायमिंग बरोबर होतं. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) फुटल्याची शंकाही काढून टाकली: हेडर टँकवरच्या हवेत ज्वलनाचा वायू आहे का ते पाहणारं निळं द्रव पिवळं झालं नाही. त्या दिवसांत मी रेडिएटरलाच दोष देत होतो आणि परत पाठवायच्या तयारीत होतो.

गर्दीतल्या तापण्याचं कारण आधी सापडलं. ३.८ ई-टाइपला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. किटच्या कागदावर पंख्याच्या वायरिंगसाठी लिहिलं होतं, "लाल वायर स्विचकडे, काळी बॉडीला." हे निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह टोक बॉडीला असलेल्या गाडीसाठी ठीक आहे. आमच्या गाडीत तसं जोडलं की पंख्याची चुंबकाची डीसी मोटर उलटी फिरते. फिटरने एक कागद रेडिएटरच्या पुढच्या जाळीजवळ धरला. पंखा मागे बसतो, म्हणजे कागद आत ओढला जायला हवा. तो बाहेर उडाला. वायर बदलल्यावर सिग्नलवर उभी गाडी शांत झाली. ई-टाइपसाठी म्हणून विकलेल्या किटमध्ये ही एक ओळ नसावी, याचा मला अजून राग येतो.

पण वेगात गाडी तापतच होती, आणि वेगात पंख्याचा काही संबंध नसतो, हवा आपोआप आत येते. मग इन्फ्रारेड (न टेकवता मोजणारा) थर्मामीटर घेतला. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवतो, म्हणून मोजमाप रबरी होजवर घेतलं. धातूवर घ्यायचं तर काळी चिकटपट्टी लावा. लांब पल्ल्यानंतर इंजिनमधून बाहेर येणारा होज शंभर अंशांच्या जवळ, आणि रेडिएटरकडून पाण्याच्या पंपाकडे जाणारा होज पन्नासच्या आसपास. रेडिएटर वाईट असता तर दोन्ही गरम असते. इथे रेडिएटर त्याच्याकडे आलेलं पाणी उत्तम थंड करत होता. त्याच्याकडे पाणीच पुरेसं येत नव्हतं. सक्शनच्या बाजूचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतो का तेही इंजिन रेस करून पाहिलं. होत नव्हता.

राहिला थर्मोस्टॅट. फिटरने जुना टाकून दिला नव्हता. दोन्ही शेजारी ठेवले आणि सगळं कळलं. जुन्याला व्हॉल्व्हच्या बाजूने पितळेचं एक कडं आहे, स्लीव्ह म्हणतात ते. किटमधल्या नव्याला ते नाही. गॅसवर पातेल्यात पाणी ठेवून दोन्ही लोंबकळत सोडले. पाणी तापलं तसे दोन्ही उघडले, पण जुन्याचं कडं व्हॉल्व्हबरोबर सरकत गेलं. या इंजिनात सगळा खेळ त्या कड्याचा आहे. थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या हौसिंगमध्ये बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या वाटेची, एक खाच असते. इंजिन थंड असताना पाणी त्या खाचेतून थेट पंपाकडे परत जातं. थर्मोस्टॅट उघडला की कड्याने ती खाच झाकायची असते. कडं नसेल तर खाच कायम उघडी, आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातो. रेडिएटर कितीही मोठा बसवा.

"थर्मोस्टॅट काढूनच टाका" असा सल्ला सर्रास मिळतो. या इंजिनात तसं केलं तर खाच उघडीच राहते, दुखणं तेच. काढायचाच असेल तर बायपास बुजवावा लागतो, आणि मग इंजिन थंडीत नीट तापत नाही.

जुनाच थर्मोस्टॅट परत बसवला. एक पैसा लागला नाही. त्यानंतर काटा ऐंशी-पंच्याऐंशीला धरून आहे, चढावर थोडा वर जातो आणि उतरतो. दोन होजमधली तफावतही आटोक्यात आली. म्हणजे मी ज्याला परत पाठवणार होतो तो रेडिएटर पहिल्या दिवसापासून नीट काम करत होता. त्याच्याबद्दलचं माझं मत आता पूर्ण बदललं आहे.

ॲल्युमिनियम आहे म्हणून एक सवय लावून घेतली आहे: मल्टिमीटरची एक पिन कूलंटमध्ये, दुसरी बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकावर. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर कुठेतरी अर्थिंग खराब आहे, आणि तो प्रवाह रेडिएटर आतून खातो. नळाचं पाणी अजिबात नको, डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक असलेलं कूलंट. ग्लायकॉल (कूलंटमधलं गोठणरोधक) जास्त घातलं म्हणजे गाडी जास्त थंड राहते असं नाही; उष्णता वाहून नेण्यात साधं पाणीच वरचढ. थंडीत गोठायचा प्रश्न नसेल तर प्रमाण कमी ठेवा.

विक्रेत्याला दोन्ही थर्मोस्टॅटचे फोटो पाठवले, कड्यावर बाण काढून. त्यावर आलेलं उत्तर वर लिहिलंच आहे. थर्मोस्टॅटचे पैसे परत मिळाले नाहीत, कागदावरची वायरिंगची ओळ बदलल्याचंही कळलं नाही. रेडिएटर एकटा मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. किट घेतलंच असेल, तर गाडीत काही बसवण्याआधी डब्यातला थर्मोस्टॅट हातात घ्या आणि कडं आहे का ते बघा.