व्यायच्या वेळचं कॅल्शियम जेल: घ्या, पण बाटली फिरवून बघा

निपाणी-चिकोडीकडे जनावरांच्या औषधाच्या दुकानात 'कॅल्शियम द्या' म्हटलं की बहुधा रोज पाजायचं टॉनिक हातात पडतं. व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय बसते, उठता येत नाही (दुधी ताप); ते टाळायला हे टॉनिक कामाचं नाही. लागतं ते 300 मिलीचं, लांब नळीचं जेल.

आधी घटक वाचा. कॅल्शियम क्लोराईड किंवा प्रोपिओनेट असेल तर ते रक्तात लवकर चढतं. नुसतं कार्बोनेट-फॉस्फेट फार हळू मुरतं, या कामाला ते नकोच. क्लोराईड जलद खरं, पण तोंड-पोट भाजतं, प्रोपिओनेट सौम्य. जीवनसत्त्व डी-3 ठळक अक्षरात छापलेलं असतं, त्याचा त्या दिवशी काही उपयोग नाही.

एक बाटली व्याल्याबरोबर, दुसरी बारा तासांनी. तिसऱ्या वेतापुढची जर्सी किंवा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, त्यातून मागच्या वेताला बसलेली असेल तर कळा सुरू होताच एक जादा. नळी जबड्याच्या कोपऱ्यातून घाला, मान पाठीच्या वर नेऊ नका, जीभ ओढू नका. गाय खोकली की थांबा. काही बाटल्यांच्या नळीला धारदार कड असते, हिरडी सोलते. आधी बोट फिरवून बघा.

गाय बसलीय, मान पोटाकडे वळलीय, कान गार, गिळत नाही, अशा वेळी जेल अजिबात नको, फुफ्फुसात जातं. तिथे डॉक्टरच हवेत. शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट सावकाश सोडावं लागतं, घाई केली तर हृदय बंद पडतं. गाय उठून गिळायला लागली की मग जेल, पुन्हा बसू नये म्हणून.

न बसलेल्या गायीतही कॅल्शियम कमी पडलं की वार अडकते, सडाचं तोंड नीट मिटत नाही आणि दगडी (कासेचा दाह) होते. जेलचे पैसे इथे वसूल होतात.

पण गळीत हंगामात दावणीला नुसतं वाडंच (उसाचे शेंडे) असेल तर जेल किती पुरणार? त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आणि आटवलेल्या (दूध बंद केलेल्या) गायीला व्यायच्या आधीचे शेवटचे तीन आठवडे कॅल्शियमचं टॉनिक पाजणं म्हणजे उलटा कारभार: आयतं मिळालं की हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मोडते आणि चीक उतरताना गाय बसते.

खानापूरकडच्या थंडीत जेल घट्ट होतं. बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा.